चौदा नंबरचं ताट

त्या इमारतीत मावशींना ओळखत सगळे, पण पाहिलं होतं फार थोड्यांनी. दिसायचे ते फक्त त्यांचे हात. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला एक आडवी खिडकी होती. वॉर्डातली उष्टी ताटं ट्रॉलीवरून यायची, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली जायची आणि कोपरापर्यंत ओले असलेले दोन हात ती आत ओढून न्यायचे. म्हणून नाव पडलं खिडकीवाल्या मावशी. त्याला बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत किती ताटं धुतली, असं कुणी विचारलं असतं तर मावशींनी त्याच्याच हातात घासणी देऊन त्याला मोरीवर उभं केलं असतं.

मोठ्या रुग्णालयातून सुटलेले, पण घरी जाण्याइतके न सावरलेले पेशंट इथे महिना-दोन महिने राहत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत आणि तीस खाटांची फेरी तासाभरात उरकत. बाकीचे दिवस नर्सबाईंच्या जिवावर चालायचे, आणि नर्सबाईंना तर जेवायला बसायचीही फुरसत नसायची.

मावशींना वॉर्डात जायला मनाई होती. भांडी घासणाऱ्यांनी पेशंटजवळ जायचं नाही, असा नियम दारावरच लावलेला होता. मावशी तो पाळायच्या, कारण नियम मोडत बसायला त्यांना वेळ नव्हता. पण पेशंटची खबर पुष्कळदा नर्सबाईंच्या आधी त्यांना लागायची, ती ताटांवरून. सात नंबरचे गृहस्थ फळांच्या बिया एका रांगेत मांडून ठेवत. त्यांनी जन्मभर कुठल्यातरी कचेरीत कागद लावले असणार अशी मावशींची खात्री होती. बावीस नंबरची बाई पावाखाली गोळ्या लपवायची, तो शोधही मावशींचाच. तीन नंबरच्या म्हाताऱ्याने एके दिवशी ताट चाटूनपुसून पाठवलं, तेव्हा "आता याला इथं ठेवून उपयोग नाही, घरी सोडा," असं मावशी आचाऱ्याला म्हणाल्या आणि दोनच दिवसांत त्याला खरोखर सोडलं.

ही सवय लावली होती जुन्या आचारीणबाईंनी. नवरा गेला त्याच वर्षी मावशी इथे कामाला लागल्या. दुपारी सगळे जेवायला बसले की त्या डबा उघडायच्या, चिवडायच्या आणि बंद करायच्या. घशाखाली घास उतरत नव्हता. कुणी काही विचारलं नाही, समजूत घालायला कुणी आलं नाही. फक्त पाचव्या दिवसापासून मोरीच्या कडेला एका वाटीत गरम सूप झाकून ठेवलेलं दिसायला लागलं. चावावं लागत नव्हतं, म्हणून ते पोटात गेलं. ते कोण ठेवतं हे कळायला आठवडा लागला. आचारीणबाई एवढंच म्हणाल्या, "तुझा डबा भरलेलाच घरी जातो, दिसतं की मला. तूही बघत जा. ताट बादलीत पालथं करायच्या आधी एकदा बघायचं." आचारीणबाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. पण ती वाटी मावशी विसरल्या नव्हत्या आणि बघितल्याशिवाय एकही ताट त्यांनी पालथं केलं नव्हतं.

त्यांच्या बघण्याचा स्वयंपाकघराला उपयोगही होता. मोरीजवळ एक फळा होता. कुणी काय टाकलं ते मावशी सांगायच्या, आचारी खडूने लिहायचा आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खाटेला तो पदार्थ बंद व्हायचा. अन्न वाया जात नाही म्हणून वरचे साहेब खूश होते. याच फळ्याने चौदा नंबरचा घात केला आणि त्याला कारण मावशीच झाल्या.

चौदा नंबरला एक आजी आल्या होत्या. मेंदूत गुठळी झाली, डावा हात आणि पाय लुळा पडला, कानही जेमतेम, अशी बातमी ट्रॉलीवाल्याने आणली होती. ट्रॉलीवाल्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. पहिल्या दिवशी आजींच्या ताटात भाजी आणि पाव जसाच्या तसा परत आला. मावशींनी सांगितलं, आचाऱ्याने लिहिलं, भाजी-पाव बंद झाला. दुसऱ्या दिवशी अंडं परत आलं. तिसऱ्या दिवशी फळं परत आली, जी पहिल्या दिवशी आजींनी फस्त केली होती. "नखरे बघा म्हातारीचे," मावशी म्हणाल्या, आणि फळ्यावर आणखी एक ओळ वाढली. आठवड्याभरात आजींच्या वाट्याला मऊ भात आणि सूप एवढंच उरलं. त्यात रेडिओने नवी बातमी दिली, की इथे पोटभर वाढत नाहीत अशी तक्रार आजी नर्सबाईंकडे करतात. अर्धं ताट टाकायचं आणि वर ही तक्रार. स्वयंपाकघरातले सगळे पोट धरून हसले. मावशीही हसल्या. ते हसणं त्यांना पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

आजी आल्याला दहा दिवस झाले त्या मंगळवारी ताटं उकळायचं यंत्र बंद पडलं. खणांची ताटं कमी पडली, म्हणून आचाऱ्याने काही खाटांना साध्या गोल ताटलीत जेवण पाठवलं. दुपारी चौदा नंबरची ताटली परत आली. मावशींनी ती बादलीवर धरली, सवयीने पाहिलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

ताटलीभर मऊ भात पसरून वाढला होता. त्याचा उजवा अर्धा भाग चमच्याने निपटून खाल्लेला, एक शीत शिल्लक नव्हतं. डावा अर्धा भाग वाढला तसाच होता. दोहोंच्या मध्ये सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. डावं-उजवं ओळखायला अडचण नव्हती, कारण खाटेच्या नंबरची चिठ्ठी ताटाच्या एका कडेला चिमट्याने लावलेली असे आणि ती कडा नेहमी पेशंटच्या पोटाकडे ठेवत. भात तोच, मीठ तेच, ताटली तीच. मग अर्धाच भात कसा आवडतो आणि अर्धा कसा आवडत नाही?

मावशी हात पुसून फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि एकेक ताट आठवायला लागल्या. खणांची ताटं चारही बाजूंनी सारखी. वाढणारा हाताला येईल तो पदार्थ समोर येईल त्या खणात वाढायचा. पहिल्या दिवशी भाजी कुठल्या खणात होती? डावीकडच्या. अंडं? डावीकडे. तिसऱ्या दिवसाची फळं? तीही डावीकडेच. आजींनी काही टाकलंच नव्हतं. ताटाला डावी बाजू आहे हेच त्यांना कळत नव्हतं. इथे पोटभर वाढत नाहीत, हे त्या खरं तेच सांगत होत्या. दहा दिवस त्या बाईला अर्धपोटी ठेवलं आणि वर नावं ठेवली.

त्यांनी आचाऱ्याला ताटली दाखवली. आचारी म्हणाला की मावशींनी भांडी घासावीत, डॉक्टरकी करू नये. डॉक्टर तर गुरुवारी येणार होते. मावशींना तोवर दम निघणार नव्हता. त्यांनी रेडिओला गाठलं आणि सांगितलं, की संध्याकाळी चौदा नंबरचं खाणं थांबलं की ताट नुसतं फिरवायचं, पलीकडची कडा अलीकडे. रेडिओने तीन प्रश्न विचारले. मावशींनी एकाचंही उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी ताट परत आलं ते लख्ख रिकामं. रेडिओ सांगत होता, ताट फिरवलं तशी आजी म्हणाल्या की आज दुसऱ्यांदा वाढलंत, फार बरं झालं. मावशींनी ओल्या तळव्याने फळ्यावरची चौदा नंबरची सगळी ओळ पुसून टाकली. आचाऱ्याने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चौदा नंबरला पूर्ण जेवण वाढलं.

बुधवारी दुपारी मात्र चौदा नंबरचं ताट रेडिओने आणलं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर दोन अनोळखी हात आले. बाईचे हात, नखं कुरतडलेली, एका बाहीवर सूप सांडलेलं. ताट निम्मंअधिक भरलेलं होतं. आईला आज मीच भरवायला बसले होते, तिने चमचा उडवला, सगळं सांडलं, माफ करा, असं त्या हातांची मालकीण म्हणाली. शुक्रवारी तिला वृद्धाश्रमात हलवणार आहोत, तोपर्यंतच काय तो तुम्हाला त्रास, असंही म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. पण कट्ट्यावर ताट ठेवलं की लोक हात काढून घेतात, हे मावशी बावीस वर्षं बघत आल्या होत्या. हे हात ताट सोडत नव्हते.

मावशींनीही ताट ओढलं नाही. खाली वाकून त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, जे त्या सहसा करत नसत. पन्नाशीकडे झुकलेली एक बाई उभी होती. रडत नव्हती, पण रडून झालेलं होतं. मावशींनी विचारलं, "काय झालं, ताई?"

एवढंच पुरलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं, आणि मध्ये भिंत असली की आणखी सोपं. वडील गेल्यावर सहा महिन्यांत लेकीने दूरच्या शहरात नोकरी धरली. आईला ते मुळीच पटलं नव्हतं. जायचं तर जा, पण मग तोंड दाखवू नकोस, असं आई त्या वेळी बोलून गेली. तीन वर्षं फोनवर तब्येतपाण्यापुरतं बोलणं उरलं होतं. आई आजारी पडल्याचं कळताच लेक रजा काढून धावत आली. आईला आपल्या घरी न्यायचं असं ठरवून आली होती. पण आई तिच्याकडे बघेचना. नर्सबाईंशी छान बोलायची, आणि लेक जवळ आली की मान पलीकडे, खिडकीकडे. लेकीने हाक मारली तरी आई खिडकीकडेच बघत राहायची. हळूहळू लेकीनेही बोलणं सोडलं होतं. रोज येऊन नुसती बसायची.

"मी तिथं बसलेली असते," ती म्हणाली, "आणि ती नर्सबाईंना विचारते, माझी लेक आली का. त्या म्हणतात, ही काय बसलीय, तरी मान वळवत नाही. असा टोमणा आईनं मारावा? अकरा दिवस झाले, एकदा माझ्याकडं बघितलं नाही तिनं. तोंड दाखवू नकोस म्हणाली होती ना, खरं करून दाखवलं. माझ्या घरी कशाला येईल ती? आश्रमात निदान पोटभर जेवेल तरी."

मावशींनी ताटाकडे पाहिलं. दोन्ही डावे खण भरलेले होते. उजवीकडे एक खण संपलेला, एक अर्धा.

"तुमची खुर्ची कुठल्या बाजूला असते?" त्यांनी विचारलं.

"खुर्ची?"

"आजी झोपल्यात त्यांच्या कुठल्या हाताला बसता तुम्ही?"

लेकीने विचार केला. "डाव्या. दुसरीकडं औषधांचा स्टँड आहे आणि खिडकी. तिथं नर्सबाई उभ्या राहतात, खुर्चीला जागा नाही. का?"

"आणि चमचाही डावीकडूनच नेलात."

"हो. पण का?"

मावशींनी ताट तिच्यासमोर सरळ केलं. त्यांना शब्द जुळवत बोलायची सवय नव्हती, त्यामुळे जे पाहिलं तेच सांगितलं. "हे बघा. रोज असंच येतं. उजवीकडचं खाल्लेलं, डावीकडचं तसंच. भात असो, भाजी असो, काही असो. काल ताट फिरवायला लावलं, तर सगळं संपवलं त्यांनी. तुमची आई डावीकडचं काही बघत नाही, ताई. ना भात, ना चमचा, ना तुम्ही."

लेक ताटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, की आईच्या मनातला राग असा ताटावरून कसा कळेल, आपण उगाच आशा लावून बसलो तर पुन्हा तेच होईल, पुन्हा ती तोंड फिरवेल. तिला भीती वाटत होती हे मावशींना स्वच्छ दिसलं. एकदा तोंड फिरवलेलं माणूस सोसतं, दुसऱ्यांदा स्वतःहून समोर जायला फार धीर लागतो.

"फिरवू दे की," मावशी म्हणाल्या. "फिरवलं तर मी आहे. चला."

आणि त्यांनी कमरेचा ओला ॲप्रन सोडला, खुंटीला अडकवला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा नियमाचा कागद लावलेल्या त्या दारातून पलीकडे गेल्या. मागून आचाऱ्याने हाक मारली. मावशींना ती ऐकू आली नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

चौदा नंबरची खाट खिडकीलगत होती. आजी उशीला टेकून बसल्या होत्या, मान उजवीकडे, बाहेर. मावशींनी ज्यांना फक्त भातातून ओळखलं होतं त्या आजी प्रत्यक्षात अगदी लहानशा होत्या, आणि केस कुणीतरी नीट विंचरले होते. लेकीने, दुसरं कोण. डाव्या बाजूची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर लेकीची पिशवी आणि अर्धवट विणलेला लोकरीचा मफलर. मावशींनी औषधांचा स्टँड खाटेच्या पायथ्याशी सरकवला, खुर्ची उचलली आणि खाट नि खिडकी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत आडवी घुसवली. नर्सबाई लांबून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही इथं कशा?" मावशी म्हणाल्या, ताट न्यायला आले.

लेक खाटेला वळसा घालून गेली. खुर्चीत बसली तेव्हा तिचे गुडघे खाटेला टेकले. तिने मान खाली घातली होती.

आजी बघत होत्या. आधी बाहेरचा उजेड अडला म्हणून जरा त्रासल्या. मग त्यांचे डोळे लेकीच्या चेहऱ्यावर आले आणि तिथेच थांबले. उजवा हात पांघरुणातून बाहेर आला, चाचपडला आणि लेकीच्या गालावर गेला.

"आलीस?" आजी म्हणाल्या. "कधी आलीस गं?"

अकरा दिवस तिथेच बसून काढलेली लेक आणखी पुढे सरकली. मग आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आत्ताच आले, आई."

"मी रोज विचारते यांना. कुणी धड सांगत नाही." आजींनी तिचा गाल, कान, केस, सगळं हाताने तपासून घेतलं. "मला वाटलं, मी तसं बोलले म्हणून येत नाहीस. तसं बोलायला नको होतं मी. वाळलीस किती. जेवलीस का? इथं फार थोडं वाढतात."

लेक हसायला लागली आणि हसता हसता तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मावशींनी भिंतीकडे तोंड केलं. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, पण त्या बराच वेळ बघत राहिल्या.

गुरुवारी डॉक्टर आले. नर्सबाईंनी सगळं सांगितल्यावर त्यांनी आजींच्या समोर एक पेन डावीकडून उजवीकडे नेलं, कागदावर रेघा मारायला सांगितल्या आणि मग मोठ्या रुग्णालयातून आलेले कागद पुन्हा चाळले. तिसऱ्या पानावर ते लिहिलेलं होतं. तिसऱ्या पानापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. डोळे चांगले आहेत, पण गुठळीमुळे मेंदू डावी बाजू विसरतो, असं त्यांनी लेकीला समजावलं. सरावाने बरंच सुधारेल. ताटाच्या डाव्या कडेला ठळक रंगाचं काहीतरी लावा आणि जेवताना ते शोधून तिथून सुरुवात करायला शिकवा, असंही सांगितलं. आणि हे लक्षात कुणाच्या आलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा रेडिओने ती बातमी दोन मिनिटांत सगळ्या इमारतीत पोहोचवली. वरच्या साहेबांचीही नियम मोडल्याबद्दल विचारायची हिंमत झाली नाही.

मावशींनी आपल्या जुन्या लाल झंपराची पट्टी कापून एका ताटाच्या डाव्या कडेला चिमट्यांनी घट्ट बसवली. शुक्रवारी वृद्धाश्रमाची गाडी आली नाही, लेकीने फोन करून नको म्हणून सांगितलं होतं. फळ्यावर चौदा नंबरपुढे आचाऱ्याने स्वतः लिहिलं: सगळं चालतं.

पाच आठवड्यांनी आजींना सोडलं. लेक त्यांना आपल्या शहरात नेणार होती. आजींनी फार आढेवेढे घेतले नाहीत. तुझ्या घराला खिडकी आहे ना, मग झालं, एवढंच म्हणाल्या. निघायच्या आधी लेकीने चाकाची खुर्ची मुद्दाम मागच्या बोळात वळवली आणि ताटांच्या खिडकीपाशी आणली. आजींच्या मांडीवर त्यांचं शेवटचं ताट होतं. मावशी वाकल्या. आजींनी, त्यांना शिकवलं होतं तशी, मान सावकाश डावीकडे नेली, आणखी थोडी नेली आणि खिडकीतला चेहरा शोधून काढला.

"जेवण चांगलं असायचं हो तुमचं," आजी म्हणाल्या. "पण सुरुवातीला फार हात आखडून वाढत होतात."

मागे उभी असलेली लेक घाईने काही सांगायला गेली. मावशींनी तिला डोळ्यांनी थांबवलं.

"चुकलं आमचं, आजी," त्या म्हणाल्या, अगदी मनापासून.

"असू दे," आजी म्हणाल्या. "नंतर भरपूर वाढलंत."

लेकीने ताट कट्ट्यावर ठेवलं. मावशींनी ते घ्यायला हात पुढे केले, तर तिने ते दोन्ही ओले हात आपल्या हातांत धरले आणि कपाळाला लावले. तिला काही बोलता आलं नाही आणि मावशींनाही नको होतं. सूप झाकून ठेवलेली ती वाटी कुणाची हे कळलं तेव्हा त्यांनाही आचारीणबाईंशी काही बोलता आलं नव्हतं. ते आज इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या वतीने बोलून टाकलं, असं त्यांना वाटलं.

खुर्चीच्या चाकांचा आवाज बोळातून लांब गेला. मावशींनी लाल पट्टीचं ताट बादलीवर धरलं आणि पालथं करायच्या आधी एकदा बघितलं. चारही खण रिकामे होते. मग त्यांनी नळ सोडला आणि पुढचं ताट ओढलं. ते सात नंबरचं होतं आणि आज बियांची रांग वाकडी होती. मावशींनी रेडिओला हाक मारली.